ढाल तुटल्यानंतर

जबलपूरजवळ नर्मदेच्या काठी भेडाघाट आहे. संगमरवरी कड्यांच्या वरच्या अंगाला, टेकडीच्या माथ्यावर, चौसष्ट योगिनींचे वर्तुळाकार आणि छत नसलेले मंदिर आहे. त्रिपुरीच्या कलचुरी राजांच्या काळात, इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या आसपास, ते उभे राहिले. नाव चौसष्टांचे असले तरी भिंतीच्या आतल्या बाजूने ऐंशीहून अधिक कोनाडे आहेत. त्यांतील बहुतेक मूर्ती भग्न आहेत, अनेकींचे हात खांद्यापासून तुटलेले आहेत. एक योगिनी महिषासुरमर्दिनीच्या रूपात कोरलेली आहे. भारतीय मूर्तिशास्त्रात देवीच्या हाती खड्ग दिले की दुसऱ्या हाती खेटक, म्हणजे ढाल, देण्याचा संकेत आहे. देवी अजिंक्य आहे, तिला ढालीची गरज काय, असा प्रश्न शिल्पकाराने विचारला नाही. त्याने युद्धात जे पाहिले, तेच देवीच्या हाती दिले. तलवार हे अर्धे शस्त्र आहे आणि तिचा दुसरा अर्धा भाग डाव्या हातात असतो, ही गोष्ट त्याच्या दृष्टीने इतकी उघड होती की देवत्वही तिला अपवाद ठरले नाही.

याच घाटावर विसाव्या शतकात चित्रपटाचा कॅमेरा आला. १९६० च्या 'जिस देश में गंगा बहती है' पासून २००१ च्या 'अशोका' पर्यंत अनेक हिंदी चित्रपटांतील दृश्ये येथे टिपली गेली. २०१६ च्या 'मोहेंजो दारो' मधील नायकाची मगरीशी झुंज याच पाण्यात चित्रित झाली. ऐतिहासिक वा पौराणिक पटांतील योद्धा आज सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याच्या हाती बहुधा एकच तलवार असते आणि ढाल असली तरी पहिल्या काही क्षणांत तो ती फेकून देतो. त्यानंतर दोन पाती एकमेकांवर आदळतात, ठिणग्या उडतात, दोघे वीर पात्यावर पाते अडवून एकमेकांच्या चेहऱ्याजवळ येतात, चार वाक्ये बोलतात आणि पुन्हा विलग होतात. नाटक, कादंबरी आणि चित्रपट या तिन्हींनी मिळून हे चित्र घडविले आहे. प्रत्यक्ष तलवार चालविणाऱ्यांच्या अनुभवाशी त्याचा मेळ कितपत बसतो, हा प्रश्न केवळ शस्त्रशास्त्राचा नाही. मराठी समाजाच्या स्मृतीतील काही अत्यंत प्रिय माणसे तलवारीने लढता लढता पडली. ती कशी पडली याचे आपले चित्र कोठून आले, हा त्यातील खरा प्रश्न आहे.

प्रथम शस्त्राकडे पाहावे. दख्खनेत आणि उत्तरेत सर्वत्र वापरात असलेल्या वक्र तलवारीची मूठ आखूड असते आणि तिच्या माथ्यावर एक चकती असते. युरोपीय पद्धतीने हात लांबवून टोक पुढे खुपसू गेल्यास ही चकती मनगटात रुतते. ही मूठ खांद्यातून आणि कोपरातून येणाऱ्या, ओढून कापणाऱ्या वारासाठी घडविलेली आहे. वार लागताच पाते मागे ओढले जाते आणि वक्रता आपले काम करते. अशा तलवारीने समोरचा वार अडवीत बसणे गैरसोयीचे, आणि नुकसानीचेही. कारण धारेवर धार आदळली की दोन्ही पात्यांना खाचा पडतात. म्हणून वार अडविण्याचे काम ढालीचे असे. गेंड्याच्या किंवा म्हशीच्या कातड्याची, पुढे धातूचीही, गोल ढाल आतल्या बाजूच्या दोन पट्ट्यांनी मुठीत धरली जाई. तिच्यामागे बोटांच्या सांध्यांना इजा होऊ नये म्हणून लहानशी गादी असे. ढाल केवळ आड धरली जात नसे. ती पुढे सरसावून शत्रूचा हात दाबला जाई, त्याची दृष्टी झाकली जाई, आणि त्या क्षणी आपली तलवार खालून वा बाजूने फिरे.

या जोडीची साक्ष मराठी तालमींच्या भाषेतही आहे. तलवारीच्या शिक्षणाची पहिली पायरी 'फरीगदगा' ही होती. फरी म्हणजे चामड्याची लहान ढाल आणि गदगा म्हणजे चामडे मढविलेला सोटा. दोन्ही शब्द मिळूनच त्या विद्येचे नाव झाले. बडोद्याहून दत्तात्रेय चिंतामण मुजुमदार यांच्या संपादकत्वाखाली निघालेल्या 'व्यायाम ज्ञानकोशा'ने या देशी शस्त्रविद्यांची दखल सविस्तर घेतली. दांडपट्ट्याची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे लांब, लवचीक पाते कोपरापर्यंत हात झाकणाऱ्या लोखंडी खोबणीला जोडलेले असते. त्यामुळे मनगट बांधले जाते, आणि सगळा वेग खांद्यातून, कमरेतून व पायांच्या फेऱ्यांतून आणावा लागतो. अनेकांनी घेरलेल्या माणसाला आपल्याभोवती मोकळी जागा राखण्यासाठी हे शस्त्र उपयोगी. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली दांडपट्टा हे राज्यशस्त्र म्हणून घोषित केले. उत्सवांतील प्रात्यक्षिकांत पटाईत खेळाडू माणसाच्या तळहातावर ठेवलेले लिंबू पट्ट्याने दुभंगतो. हाताचा असा ताबा मिळविण्यास वर्षे लागतात. मात्र लिंबू उलटून वार करीत नाही, आणि कल्पित द्वंद्व व प्रत्यक्ष लढाई यांतील अंतर येथूनच सुरू होते.

धारेचा प्रश्नही असाच दुर्लक्षित राहतो. लुई एडवर्ड नोलन या इंग्रज घोडदळ अधिकाऱ्याने १८५३ साली घोडदळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. निजामाच्या अनियमित घोडेस्वारांनी एका चकमकीत केलेल्या जखमांचे वर्णन ऐकून तो चकित झाला होता. अवयव एकेका वारात तुटले होते. ती पाती कोणती याची त्याने चौकशी केली, तेव्हा ती इंग्रजी घोडदळाने टाकून दिलेली जुनी पाती असल्याचे त्याला कळले. देशी स्वारांनी त्यांना आपल्या पद्धतीच्या मुठी बसविल्या होत्या, वस्तऱ्यासारखी धार दिली होती, आणि लाकडी म्यानात ठेवून कामाखेरीज ती कधी उपसली नव्हती. इंग्रज शिपायाची तलवार मात्र लोखंडी म्यानात खडखडत राहून आणि कवायतीत वारंवार उपसली जाऊन बोथट होई. पोलाद तेच, पण जपणूक निराळी होती. तलवारीचा नेम हा मोठा विषय खरा, परंतु अशा धारेपुढे नेमाची चूकही प्राणघातक ठरते. पन्नास वार झेलून उभा राहणारा नायक या धारेसमोर कल्पिणेच अवघड आहे.

जुनी मराठी साधने या वास्तवाला अधिक जवळची आहेत. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ च्या सुमारास जिंजीस राजाराम महाराजांसाठी आपली बखर लिहिली. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली घडलेला अफजलखानाचा प्रसंग त्याने वर्णिला आहे. तो प्रसंग वाचताना लक्षात येते की त्यात द्वंद्व असे फारसे नाहीच. मिठी, कुशीत शस्त्राचा वार, अंगरख्याखालचे चिलखत, वाघनख आणि बिचवा, एवढ्या अवधीत सारे संपते. त्यानंतर सय्यद बंडा धावून येतो आणि त्याच्या आडवा जिवा महाला येतो. लोकांच्या तोंडी असलेल्या म्हणीने महाराजांच्या बचावाचे श्रेय जिवा महालाच्या पदरी घातले, ते उगाच नव्हे. तलवारीच्या लढाईत बाजूला उभा असलेला माणूस अनेकदा निर्णायक ठरतो. दोघेच लढत आहेत आणि बाकीचे हात बांधून पाहत आहेत, ही कल्पना रंगभूमीची आहे. रणभूमीवर प्रत्येकाला डावी बाजू आणि पाठ असते.

याच बखरीतील सिंहगडाचा प्रसंग या दृष्टीने फार मोलाचा आहे. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे मावळ्यांसह कडा चढून गडावर गेला. किल्लेदार उदेभान हा रजपूत. अंधारात गलका झाला, मशाली पेटल्या, आणि दोघांची गाठ पडली. सभासद सांगतो की तानाजीची ढाल तुटली आणि दुसरी ढाल वेळेवर मिळाली नाही. तेव्हा त्याने आपल्या डाव्या हाताचीच ढाल केली आणि त्यावर वार घेत तो लढला. शेवटी दोघेही एकमेकांच्या वारांनी पडले. एवढ्या थोड्या ओळींत तलवारीच्या लढाईचे जवळजवळ सर्व मर्म आले आहे. ढाल हे दुय्यम साधन नव्हते. ती गेल्यावर काय गेले हे बखरकाराला ठाऊक होते, आणि त्याच्या वाचकालाही ठाऊक होते. म्हणूनच ढाल तुटल्याची नोंद त्याने केली आणि कोणता डाव कोणावर टाकला याची नोंद केली नाही. दुसरी ढाल मागविण्याइतका अवसर मिळाला नाही, यावरून लढतीचा वेगही समजतो. निकालाबाबत तर तो विलक्षण प्रामाणिक आहे: कोणी जिंकले नाही. वार करण्याच्या अंतरात दोघे आले की दोघांनाही वार लागतात, हा तलवारीचा सर्वांत कठोर नियम आहे.

पुढच्या काळाने या ओळींचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात उदेभान मानवी मापाबाहेर वाढला. चंद्रावळी हत्ती आणि सिद्दी हिलाल यांना पार केल्याखेरीज त्याच्यापर्यंत पोहोचता येत नाही. पोवाडा ऐकणाऱ्या समुदायासाठी हे योग्यच होते. शत्रू मोठा झाल्याखेरीज वीर मोठा होत नाही, ही मौखिक परंपरेची जुनी रीत आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हरि नारायण आपट्यांनी 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी लिहिली. तिच्यात कमलकुमारीचे कथानक आले आणि उदेभान खलपुरुष झाला. कादंबरीला द्वंद्व हवे होते आणि द्वंद्वाला वैयक्तिक वैर हवे होते. सभासदाच्या उदेभानाला त्याची गरज नव्हती. तो किल्लेदार होता आणि किल्ला राखीत होता, एवढे कारण पुरेसे होते. या कादंबरीवरून बाबूराव पेंटरांनी १९२३ साली आणि व्ही. शांताराम यांनी १९३३ साली 'सिंहगड' हे चित्रपट काढले. २०२० च्या 'तान्हाजी' मध्ये, संगणकाच्या साहाय्याने, ही झुंज आणखी भव्य झाली. प्रत्येक टप्प्यावर लढत लांबत गेली. ती जसजशी लांबली तसतशी तुटलेल्या ढालीची किंमत कमी होत गेली. जो वीर कित्येक मिनिटे अनेक शस्त्रांनी, भिंतींवरून उड्या मारीत लढू शकतो, त्याची ढाल तुटली म्हणून वाचकाच्या छातीत धस्स होण्याचे कारण राहत नाही. सभासदाच्या वाचकाला मात्र त्या एका वाक्यापाशी पुढचे मरण दिसत होते, आणि तानाजीलाही ते दिसत असणार. तरीही त्याने हात पुढे केला. त्याच्या शौर्याचे माप या कृतीत आहे, आणि लांबविलेल्या द्वंद्वात नेमके तेच हरवते.

भेडाघाटाच्या परिसराला या विषयात आणखी एक स्थान आहे, आणि तेही मराठी वीरकथेशी बांधलेले. १७९८ साली पेशव्यांनी मंडला आणि नर्मदेचे खोरे नागपूरकर भोसल्यांना दिले आणि डिसेंबर १८१७ पर्यंत जबलपूर त्यांच्या अमलाखाली राहिले. शंभराहून अधिक वर्षांनी याच शहरात राहणाऱ्या सुभद्राकुमारी चौहान यांनी झाशीच्या राणीवर हिंदीत कविता लिहिली. 'मुकुल' या १९३० च्या संग्रहातून ती सर्वदूर गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या शाळकरी मुलांच्या मुखी बसली. मोरोपंत तांब्यांची ही कन्या उत्तर हिंदुस्थानात लोकमान्य झाली, त्यात या जबलपूरच्या कवितेचा मोठा वाटा आहे.

त्या कवितेत वॉकर नावाच्या इंग्रज लेफ्टनंटाशी राणीचे द्वंद्व होते आणि तो जखमी होऊन पळतो. लष्करी वृत्तान्तांत हा अधिकारी डाउकर या नावाने येतो. ४ एप्रिल १८५८ च्या रात्री राणी झाशीबाहेर पडली आणि भांडेरच्या दिशेने गेली. डाउकरने तिचा पाठलाग केला. तो तिला गाठणार इतक्यात जबर जखमी होऊन घोड्यावरून उतरला आणि पाठलाग थांबला. ती जखम राणीच्याच हातची, असे परंपरा सांगते. दोन घोड्यांच्या वेगात, क्षणभर जवळ येऊन लागलेला एकच वार हा तलवारीच्या अनुभवाशी पूर्णपणे सुसंगत आहे. कवितेनेही तो प्रसंग लांबविला नाही. अखेरच्या प्रसंगाबाबत ती आणखी सत्यनिष्ठ आहे: समोर नाला, अडलेला नवा घोडा, चहूकडून शत्रू आणि एकटी राणी. जून १८५८ मध्ये ग्वाल्हेरजवळ कोटा-की-सराय येथे इंग्रजी घोडदळाच्या हल्ल्यात राणी पडली. तिच्या मृत्यूच्या वृत्तान्तांत तपशिलाचा फरक आहे. गोळी आणि तलवार या दोहोंचे उल्लेख येतात. कोणत्याही वृत्तान्तात बरोबरीचे द्वंद्व नाही.

राणीच्या लढाईचे सर्वांत जिवंत मराठी चित्र मात्र कवीने काढलेले नाही, आणि योद्ध्यानेही नाही. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळविण्यासाठी उत्तरेत गेले आणि झाशीच्या वेढ्यात सापडले. त्यांचा 'माझा प्रवास' चिंतामणराव वैद्यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. इंग्रज तटावरून शहरात उतरल्यावर राणी आपल्या विलायती, म्हणजे अफगाण, शिपायांसह किल्ल्याखाली आली आणि हातघाईची लढाई झाली, असे भटजी सांगतात. त्या धडकेपुढे इंग्रजी शिपाई मागे सरून घरांच्या आडोशाला गेले आणि तेथून गोळ्या झाडू लागले. तेव्हा एका वृद्ध सरदाराने पुढे होऊन राणीला विनविले की या गोळीबारात जाणे म्हणजे व्यर्थ मरणे आहे, आणि तिला परत फिरविले. १८५८ मधील तलवारीची मर्यादा येथे एका म्हाताऱ्याच्या तोंडून उमटते. तलवारधारी जवळ पोहोचला तर अजूनही भयंकर होता, पण त्याला जवळ पोहोचू द्यायचे की नाही हे आता बंदूक ठरवीत होती. कल्पित कथेत बंदूक सोयीस्करपणे रिकामी होते किंवा खलनायक ती बाजूला टाकतो. गोडसे भटजींच्या झाशीत ती कोणी टाकली नाही.

आधुनिक तलवारबाजीचा अनुभव या जुन्या साधनांना दुजोरा देतो. ऑलिंपिक स्पर्धांतील 'एपे' या प्रकारात तलवारीचे वजन ७७० ग्रॅमपेक्षा अधिक असू शकत नाही आणि सारे शरीर लक्ष्य असते. दोघांचे स्पर्श सेकंदाच्या सुमारे पंचविसाव्या भागाच्या आत नोंदले गेले तर दोघांनाही गुण मिळतो. अशा नियमाची गरज पडावी, इतक्या वेळा दोघे एकाच क्षणी एकमेकांना स्पर्श करतात. खऱ्या पात्यांनी त्याचा अर्थ सिंहगड होतो. सामन्याचा बराचसा वेळ पात्याला पाते न लावता, पावलांनी अंतर मोजण्यात जातो. नवख्या प्रेक्षकाला तेथे काही घडत नाहीसे वाटते. वास्तविक सर्व काही तेथेच ठरत असते. टोकियो येथे २०२१ मध्ये झालेल्या स्पर्धांत भवानी देवी ही ऑलिंपिकमध्ये उतरलेली पहिली भारतीय तलवारबाज ठरली. तिच्या 'सेबर' या प्रकारात तर एकेक चकमक डोळ्याचे पाते लवते न लवते तोच संपते.

तथापि क्रीडांगणालाही रणांगण समजण्याचे कारण नाही. तेथे मुखवटा आहे, पंच आहे आणि हरल्यावर घरी जाता येते. इटलीचा आल्दो नादी याने १९२० च्या ऑलिंपिकमध्ये तिन्ही शस्त्रांच्या सांघिक स्पर्धांत सुवर्णपदके मिळविली होती. १९२४ मध्ये तो अणकुचीदार शस्त्राने खरे द्वंद्व लढला आणि पुढे 'ऑन फेन्सिंग' या १९४३ च्या पुस्तकात त्या अनुभवाबद्दल लिहिले. जगातील उत्तम तलवारबाजांपैकी एकालाही मुखवट्याशिवाय समोर उघडे टोक पाहताना आपली विद्या परकी वाटू लागते, हे त्या लेखनातून प्रत्ययास येते. भीती ही तलवारीच्या लढाईतील सर्वांत वास्तव गोष्ट आहे, आणि कल्पित द्वंद्वातून सर्वांत आधी तीच वगळली जाते.

यात कल्पित कलेचा सारा दोष आहे असे मात्र नाही. रंगमंचावरील किंवा पडद्यावरील वार जाणूनबुजून प्रतिस्पर्ध्याच्या शरीराऐवजी त्याच्या तलवारीवर नेम धरून केला जातो, कारण नटाला दुसऱ्या दिवशीही काम करायचे असते. हालचाल मोठी आणि किंचित संथ ठेवली जाते, कारण शेवटच्या रांगेतील प्रेक्षकाला ती दिसली पाहिजे. ढाल चेहरा झाकते, म्हणून ती जाते. हे बदल करणारे बहुधा अज्ञानी नसतात. 'स्टार वॉर्स'मधील झुंजींवर काम केलेला बॉब अँडरसन हा १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ब्रिटनकडून उतरलेला तलवारबाज होता. खरी लढत कशी असते हे त्याला पुरते ठाऊक होते. चित्रपटाला हवे होते ते शस्त्रांनी केलेले संभाषण, आणि संभाषणाला पाळीपाळीने बोलावे लागते. म्हणून कल्पित द्वंद्वात एकाचा वार संपल्यावर दुसऱ्याचा सुरू होतो. प्रत्यक्षात दोघे एकाच वेळी बोलतात आणि बहुधा एकच शब्द.

कलेने ही सूट घेतली म्हणून तिच्यावर रागवावे असे नाही. परंतु जेथे कथेतील माणूस कधी काळी खरोखर जगला आणि मेला, तेथे या सुटीची किंमत त्या माणसाला द्यावी लागते. लांबच लांब द्वंद्वाच्या अखेरीस नायक पडतो, तेव्हा तो थकल्यामुळे, फसविला गेल्यामुळे किंवा शत्रू वरचढ ठरल्यामुळे पडला असे वाटते. त्याचे मरण कौशल्याच्या हिशेबात जमा होते. सभासदाची बखर आणि गोडसे भटजींचा प्रवास निराळा हिशेब मांडतात. तलवारीच्या अंतरात पाऊल टाकणारा माणूस, तो कितीही निष्णात असो, परत येण्याची हमी मागे ठेवून जातो. लढत काही क्षणांची असते, अंधारात असते, बाजूने कोण येईल हे ठाऊक नसते, आणि ढाल तुटली तर दुसरी वेळेवर मिळतेच असे नाही. हे सर्व माहीत असूनही कडा चढून जाणाऱ्यांची संख्या त्या रात्री एकापेक्षा पुष्कळ अधिक होती. बहुतेकांची नावे पोवाड्यात आली नाहीत आणि पडद्यावर ते नायकाच्या मागची गर्दी म्हणून उरले. बखरीतील कोरड्या ओळी वाचताना मात्र त्या गर्दीतील प्रत्येकाच्या डाव्या हातातील ढाल दिसू लागते, आणि तिच्यामागची मूठही.